रिना सिस्टरचं डोकं

मुलचेरा तालुक्यातल्या उपकेंद्रात रिना सिस्टर आली तेव्हा पंचवीस वर्षांची होती. आता छत्तीसची आहे. माहेर आरमोरीचं. बाप राईस मिलमध्ये पोती उचलायचा, आई धानाच्या रोवणीला जायची. दोघांनी तिला गडचिरोलीत नर्सिंगला घातलं आणि नोकरी लागल्यावर नकाशात मुलचेरा शोधत बसले.

तिच्याकडे पाच गावं. त्यांत एक बंगाली लोकांचं, दोन गोंडांची. ‘जोर लाव’ एवढं ती चार भाषांत म्हणू शकते. त्यातल्या दोन भाषांत तिला याशिवाय फारसं काही येत नाही. लग्न इथल्याच वायरमनशी झालं, राजदीपशी. मूल आठ वर्षं झालं नाही. या आठ वर्षांत तिनं लोकांची चारशेच्या वर बाळंतपणं केली आणि प्रत्येक बारशाला तिला पेढ्याबरोबर एक उसासाही मिळाला.

साप, अस्वल, तालुक्याचे साहेब, कशालाच ती घाबरायची नाही. तिचं भांडण एकाच गोष्टीशी होतं. कंबरेतल्या सुईशी. म्हणजे, त्या सुईच्या भीतीशी. या भागात बायका गोळी घेतात, दंडात इंजेक्शन घेतात, पण सिझेरियनसाठी कंबरेत सुई म्हटलं की सासरचं अख्खं घर उठून उभं राहतं. कंबरेत सुई घेतली की बाई कामातून गेली, मग ती धानाच्या बांधीत वाकू शकत नाही. पाच वर्षांपूर्वी कोलूच्या बायकोचं बाळ आडवं होतं. दवाखान्यात पोचूनही सही करायला घरच्यांनी तीन तास लावले. बाळ गेलं. बाई वाचली; रस्त्यात भेटली तर बोलते, पण सिस्टरच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही.

आणि यंदा सीता होती. शकुबाईची सून, पहिलटकरीण. तिची वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडावरच होती. सातव्या महिन्यात एकदा रक्त गेलं. चंद्रपूरच्या ट्रस्टच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला कळा येऊ द्यायच्याच नाहीत, त्याआधी सिझेरियन करायचं, आणि तोवर इथंच भरती राहू दे. शकुबाईनं सुनेला गाडीत घातलं आणि घरी आणलं.

रिनाचे तेव्हा स्वतःचे दिवस भरत आले होते. तसं पोट घेऊन ती शकुबाईच्या अंगणात जाऊन बसली.

“शकुबाई, पुन्हा रक्त गेलं तं चंद्रपूर दूर आहे. वाटेत गोंडपिपरीच्या अल्याडच खेळ खतम.”

“माह्या सात बाळंतपणात कोणी मले सुई नाई टोचली.”

“तुह्या सात पोरांतले चार आहेत, मावशी.”

हे बोलायला नको होतं. शकुबाई तांदूळ निवडायला लागली. मग रिनानं आपलं शेवटचं हत्यार काढलं.

“हे पाहा, मले ऑपरेशन नाई, काई नाई. तरी मी कंबरेत सुई घेणार आहे. कळा कमी कराची सुई राह्यते, चंद्रपूरच्या त्याच दवाखान्यात नवीन मॅडम आली आहे ते देते. मी घेतो, अन् मंग तुम्ही येऊन पाहजा मले.”

शकुबाईनं एक खडा उचलून बाहेर फेकला. “पाहू. तू धड उठून बसली तं सीता जाईन.”

सीतेची तारीख ठरली. पुढच्या बुधवारची.

*

रिनाला त्याच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी चंद्रपूरला भरती केलं. भुलीच्या डॉक्टर दिव्यानी मॅडम तिशीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. रिना कुशीवर पाय दुमडून पडली होती. पाठीत सुई जाताना कळली, नेमकी तेव्हाच एक मोठी कळ आली, ती थोडी हलली, आणि मॅडमचा हात थांबला. मागं काहीतरी कोमट, पाण्यासारखं ओघळलं. रिना अकरा वर्षांत अशा शांततेचा अर्थ ओळखायला शिकली होती. काही चुकलं की दवाखान्यात आधी माणसं बोलायची थांबतात.

संध्याकाळी मुलगी झाली. कळांनी फार छळलं नाही, सुईनं आपलं काम केलं होतं. मग मॅडम खुर्ची ओढून बसल्या.

“सिस्टर, तुम्हाला सरळ सांगते. कळांची सुई मणक्याच्या पिशवीच्या बाहेर थांबवायची असते. माझी आत गेली. पिशवीला भोक पडलं. त्यातून पाणी झिरपलं की डोकं दुखतं. अशा सुईनं निम्म्याहून जास्त बायकांचं दुखतं.”

“सिझेरियनलेही आतच टोचता ना?”

“हो, पण मुद्दाम, आणि ती सुई फार बारीक असते. ही जाड होती.”

“मंग आता डोकं दुखू नाई म्हणून काय कराचं? झोपून राहू? पाणी प्यू जास्त?”

“दोन्हीनं टळत नाही. तहानेपुरतं पाणी प्या. झोपून राहिलात तर दुखणं फक्त कळणार नाही. मी त्या भोकातच बारीक नळी सरकवून ठेवली आहे, उद्यापर्यंत राहू देते. त्यानं धोका थोडा कमी होतो असं काहींना दिसलंय, खात्री नाही. खात्रीचं असं मी तुम्हाला काहीच देऊ शकत नाही, सिस्टर. एवढंच, की उठून बसल्यावर डोकं दुखलं, आडवं झाल्यावर थांबलं, तर मला सांगायचं. त्याला इलाज आहे. दाबून ठेवलं तर मात्र डोळ्यांवर, कधी मेंदूवर जातं. मी रोज फोन करीन.”

रिनानं मान हलवली. अशी मान तिच्यासमोर शेकडो बायकांनी हलवली होती.

शुक्रवारी सुट्टी मिळाली. चाकाच्या खुर्चीत बसली तेव्हा मानेत काहीतरी ताणलं गेलं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला जड, बोथट कळ उठली. दिव्यानी मॅडम दारापर्यंत आल्या होत्या.

“डोकं?”

“नाई मॅडम, ठीक आहे.”

बुधवारला पाच दिवस होते. एवढे पाच दिवस गेले, सीता टेबलावर गेली, की सांगू. दुखणं पाच दिवस सोसता येईल, इलाज काही पळून जात नाही, असा तिनं हिशेब केला. तिची एखादी बाळंतीण असं म्हणाली असती तर तिनं तिला चारचौघांत झाडलं असतं.

*

घरी सगळं तयार होतं. रिनाची सासू केसरबाई बुद्धाच्या घरची. पाचवीची पूजा, देव अंगात येणं, लिंबू-मिरची, हे सगळं त्यांच्या घरातून सासऱ्याच्या पिढीतच गेलं होतं. शेक मात्र कोणी सोडला नव्हता. बाज टाकलेली, बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा. डोक्याला, कानाला सुती फडकं गच्च आवळलेलं. पाणी उकळून, अर्धा पेला, तोही मागितल्यावर. बाळंतिणीनं सव्वा महिना उठायचं नाही, वारा घ्यायचा नाही, जास्त बोलायचं नाही.

इतर कुठल्याही सुनेला हे जाचलं असतं. रिनाला बरं वाटलं. आडवं पडलं की डोकं थांबायचं. दिवसभर आडवं पडल्याबद्दल कौतुकही व्हायचं.

“पाहा,” केसरबाई शेजारणीला सांगायची, “सिस्टर आहे पण शहाणी आहे. उठत नाई का फिरत नाई. आजकालच्या पोरी तिसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन दारात उभ्या.”

डोक्याला फडकं होतं म्हणून कपाळावरच्या आठ्या दिसत नव्हत्या. खोलीत धूर होता म्हणून डोळ्यांतल्या पाण्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. गावाच्या जुन्या रिवाजानं तिचं दुखणं असं झाकलं, की एखाद्या डॉक्टरालाही ते सापडलं नसतं.

अडचण फक्त दुधाची होती. केसरबाई पडल्या पडल्या पाजू देत नव्हती. “झोपून दूध पाजलं का पोरीचा कान फुटते.” मग दर दोन तासांनी उठून बसावं लागायचं. बसलं की मोजून दहा-बारा श्वास बरे जात. मग मानेतून ती कळ वर चढायची, कानात सूं होई, आणि डोकं एखाद्या हंड्यासारखं जड होऊन पुढं ओढायचं. रिना कपाळ भिंतीला टेकवून पाजायची. भिंत थंड असायची. पोरगी अर्धवट पिऊन झोपली की ती लगेच आडवी व्हायची, आणि अर्ध्या तासात पोरगी भुकेनं पुन्हा रडायची.

“दूध कमी आहे तुले,” केसरबाई म्हणाली. “मेथी, डिंक, सगळं देऊन राह्यली, तरी काऊन?”

“चहा द्या ना थोडा, आई. कोरा.”

“चहानं दूध येते का वं? कालपासून पाच झाले तुहे.”

कोऱ्या चहानं तासभर बरं वाटायचं, हे रिनाला माहीत होतं. केसरबाईला वाटलं, सुनेला शहराची सवय लागली.

शनिवारी मॅडमचा फोन आला. राजदीपनं मोबाइल कानाला लावून दिला. “डोकं, सिस्टर?” “नाई मॅडम.” “मान?” “नाई.” “बसून बोलताय की झोपून?” “बसून,” रिना झोपल्या झोपल्या म्हणाली.

राजदीपनं ऐकलं. त्यानं मोबाइल घेतला, तिच्याकडे पाहिलं, आणि खांबावर चढायला निघून गेला. आठ वर्षांत त्याला एक कळलं होतं, सिस्टरला प्रश्न विचारायचे नाहीत, तिनं विचारायचे.

*

रविवारी शकुबाई निरोप पाठवून आली. हातात बाळासाठी टोपडं, आणि डोळे सरळ बाजेवर.

“काय वं सिस्टर, कशी आहेस?”

“मस्त. बसा मावशी.” रिना उठून बसली. तिनं तासाभरापूर्वीच गोळी घेतली होती आणि दोन कप चहा मागून घेतला होता. पाठीमागं उशी घेतली नाही. मांडी घातली, पोरीला मांडीवर घेतलं.

“कंबर?”

“पाहा ना.” रिना पुढं वाकली, पोरीचं लंगोट सारखं केलं, सरळ झाली. वाकताना डोक्यात पांढरं काहीतरी चमकून गेलं.

शकुबाईनं बाळ पाहिलं, नाक कोणाचं ते ठरवलं, यंदा धान बरं झालं पण रानडुकरांनी अर्धं खाल्लं ते सांगितलं. मग केसरबाईला तिच्या बहिणीचं विचारलं. मग तिच्या बहिणीच्या जावयाचं. रिना हसत होती. हसणं चेहऱ्यावर ठेवून ती बाजेची दोरी मुठीत आवळत होती. शकुबाईचा आवाज लांबून, डब्यातून आल्यासारखा येत होता. जा ना बाई, जा ना, असं ती मनात म्हणत होती, आणि शकुबाई जावयाच्या ट्रॅक्टरवर आली होती.

“पाणी पेतो अन् जातो,” शकुबाई शेवटी म्हणाली. दारात थांबून तिनं एकदा मागं पाहिलं. “बराच वेळ बसली तू.”

“मंग? सुई घेतली म्हणून काय झालं!”

“हो,” शकुबाई म्हणाली. “तेच पाहून राह्यली.”

ती गेल्यावर रिना आडवी झाली आणि उशी तोंडावर घेतली. जिंकलो, असं तिला वाटलं. अजून तीन दिवस.

*

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास सीता स्वतःच आली. नऊ महिन्यांचं पोट, रस्त्यानं हळूहळू चालत. केसरबाई मागं शेगडीला कोळसे घालत होती. सीता दारात उभी राहिली.

“सिस्टर, मी बुधवारले नाई जात.”

रिना पोरीला घेऊन ताडकन उठून बसली. “काऊन?”

“मामी म्हणते,” सासूला ती मामी म्हणायची, “सिस्टर आल्या-गेल्यासमोर हसते पण तिचा चेहरा खोटा आहे. म्हणते, सात बाळंतपणं केली मी, बाळंतीण इतकी सरळ नाई बसत. काईतरी लपवून राह्यली. लपवते म्हणजे मोठंच असन.” सीतेच्या डोळ्यांत पाणी आलं. “मले भेव लागून राह्यलं, सिस्टर. तुले काय झालं ते सांग ना.”

रिनाला तिला समजवायचं होतं. तिनं मान वळवली, आणि दारात दोन सीता उभ्या होत्या. एक थोडी उजवीकडे, थोडी वर, दोघींचे पदर एकमेकांत गुंतलेले. रिनानं डोळे मिटून उघडले. दोनच. तिनं मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. खाली बघताना एकच दिसत होती. तिला उजवीकडे धरली तशी पोरीच्या तोंडाशेजारी दुसरं तोंड आलं.

दाबून ठेवलं तर डोळ्यांवर जातं.

“सीता,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “पोरीले घे माह्याजवळून. माह्या हातून पडन.”

सीतेनं वाकून पोरीला घेतलं. “काय झालं?”

“मले दोन दिसून राह्यले. डोकं दुखते माहं. शुक्रवारपासून. बसलो का फुटते. मी खोटी बोलली, तुह्या सासूसंग, मॅडमसंग, साऱ्यांसंग. सुई आत गेली होती माही. आईले बोलव.”

केसरबाई चिमटा हातात घेऊनच आली. सगळं ऐकलं. तिचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल झालं.

“चार दिवस,” ती म्हणाली, “चार दिवस मी तुही कंबर शेकून राह्यली, अन् दुखते डोकं! सांगता नाई येत होतं तोंडानं?”

“तुम्ही म्हणाल्या असत्या, ‘मी म्हटलंच होतं.’”

“मंग म्हटलंच होतं मी!” केसरबाईनं चिमटा आपटला. “काऊन घेतली सुई, म्हटलंच होतं. आता बी म्हणतो. दहा वेळा म्हणन. पण गाडी तं बोलावली असती ना मी, म्हणता म्हणता!” आणि ती तसंच बोलत बोलत पोरीचे कपडे बांधायला लागली.

राजदीपनं फोन लावला तेव्हा दिव्यानी मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, ताप आहे का, आकडी आली का, शुद्ध आहे ना. मग म्हणाल्या, “झोपवून आणा. आत्ता.”

गाडी दारात आली तोवर शकुबाई पोचली होती. सुनेला शोधत आली होती, सगळं कळलं तरी चेहऱ्यावर विजय नव्हता. ती रिनाजवळ आली.

“इलाज आहे का याले?”

“मॅडम म्हणते आहे. माह्याच हाताचं रक्त काढून पाठीत टोचते, भोक बुजते त्यानं.”

“पुन्हा सुई?”

“पुन्हा सुई.”

शकुबाईनं गाडीत डोकावून जागा पाहिली. “मंग आम्ही बी येतो. सीतेले पाहू दे डोळ्यानं. हे बरी झाली तं ठीक, नाई तं आम्ही त्याच गाडीनं परत.” कपड्यांचं गाठोडं वगैरे तिनं काही घेतलं नाही. सीता दवाखान्यात नुसती पोचली तरी अर्धं काम झालं, असं आडव्या पडलेल्या रिनाच्या मनात आलं, आणि तेवढ्यानं तिला स्वतःचीच लाज वाटली.

आष्टीपर्यंत लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्ता खाऊन टाकलेला. प्रत्येक खड्ड्याला रिना दचकायची, स्वतःसाठी कमी, सीतेसाठी जास्त. “रक्त नाई ना?” ती दर थोड्या वेळानं विचारायची. “नाई सिस्टर,” सीता म्हणायची, आणि मग उलट विचारायची, “तुले किती दिसून राह्यले?”

“दोन.”

“अजून दोनच?”

केसरबाई म्हणाली, “मंग काय चार पाह्यजे तुले?” आणि गाडीत पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

*

आधी डोक्याचा स्कॅन झाला. आत कुठं रक्तस्राव नाही ना, ते बघायला. त्या पाऊण तासात केसरबाई बाकावर पोरीला छातीशी धरून बसली, आणि एकदाही ‘मी म्हटलं होतं’ म्हणाली नाही. स्कॅन साफ निघाला.

मग रिना पुन्हा कुशीवर, पाय दुमडून. दंडातून रक्त काढलं आणि तेच पाठीत, हळूहळू. कंबरेत दाटून आल्यासारखं झालं, मांड्यांपर्यंत ताण गेला. “पुरे म्हणाल तिथं थांबते,” दिव्यानी मॅडम म्हणाल्या. या वेळी रिनानं खरं तेच सांगितलं. “आता पुरे.”

दोन तास उताणं पडायचं होतं. शकुबाई पायथ्याशी, सीता बाजूच्या स्टुलावर. रिना छताकडे बघत होती. आडवी असताना तसंही दुखत नव्हतं, त्यामुळं अजून काहीच कळत नव्हतं. कधी कधी पहिल्यांदा भोक बुजत नाही, दुसऱ्यांदा करावं लागतं, हेही मॅडमनी सांगून ठेवलं होतं.

“आता बसा,” मॅडम म्हणाल्या. “हळू. झटका नको.”

रिना कोपरावर रेलली. मग बसली. पाय खाली सोडले. दहा श्वास. बारा. ती त्या कळीची वाट बघत होती, रोज ती कुठून चढते ती जागा तिला पाठ झाली होती. तिथं नुसतं आखडलेलं होतं. पंधरा. वीस. तिचा विश्वास बसेना. पोरीला मागून मांडीवर घेतलं, सरळ बसून, भिंतीला न टेकता.

“सांग,” सीता म्हणाली. “आता खरं सांग.”

“डोकं नाई दुखत. मान आखडली आहे. टोचलं तिथं कंबर ठणकते.” रिनानं मान न वळवता डोळे उजवीकडे नेले. “इकडं पाह्यलं का अजून दोन दिसते. ते जाले कधी आठवडे लागते, मॅडम म्हणते. मी शुक्रवारीच सांगतो तं कदाचित झालंच नसतं.”

“माह्यावाल्या सुईनं असं होईन?”

“तुही बारीक राह्यते. शंभरात एखादीचं डोकं दुखते. तू ते एखादी नसशीन असं मी सांगत नाई.”

“अन् झाली तं?”

“त्याच दिवशी सांगजो. मले नाई, मॅडमले.”

सीतेनं पोटावर हात ठेवला. पोरगी चुटूचुटू पीत होती. मग सीता शकुबाईकडे वळली.

“मामी, घरी फोन लावा. माहे कपडे आणाले सांगा, अन् बाळाचे फडके.”

“आताच काऊन? बुधवारले आणू ना येताना.”

“मी आता घरी येत नाई. त्या रस्त्यानं मी दोनदा नाई जात.”

शकुबाईनं सुनेकडे पाहिलं, मग रिनाकडे, वरपासून खालपर्यंत, बाजारात गाय पाहावी तसं. मोबाइल काढला, लांब धरून नंबर शोधला, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मुलाशी बोलायला लागली.

“नथ्थू, अरे, सीतेचे कपडे घेऊन ये. हो, इथंच ठेवतो. काय? नाई गा, सिस्टर बसली आहे. हो, बसली आहे, पोरीले पाजून राह्यली. अरे मी पाहून राह्यली ना समोर!”